मिथ्या स्मृती

जे घडलेच नाही, किंवा निराळ्या रीतीने घडले, ते माणसाला मनापासून आठवते तेव्हा त्या आठवणीला मिथ्या स्मृती म्हणतात. ही थाप नव्हे. थाप मारणाऱ्याला खरे काय ते ठाऊक असते. इथे सांगणारा स्वतःच निःशंक असतो.

स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे यांना लहानपणची एक घटना लख्ख आठवे. पॅरिसच्या शाँझ एलिझे रस्त्यावर एक माणूस त्यांना बाबागाडीतून पळवू पाहतो, सांभाळणारी बाई झटापट करते, तिच्या चेहऱ्यावर ओरखडे उठतात, गर्दी जमते, पोलीस येतो. प्याजे साधारण पंधरा वर्षांचे असताना त्या बाईने त्यांच्या आईवडिलांना पत्र लिहून कबुली दिली की सारे तिनेच रचले होते. बक्षीस मिळालेले घड्याळही तिने परत केले. लहानपणी घरात ऐकलेल्या हकिगतीचे मुलाच्या मनात चित्र झाले होते, आणि ते चित्रच पुढे आठवण म्हणून राहिले.

असे होते, कारण मेंदू घटना जशीच्या तशी साठवत नाही. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली दाखवले की आठवताना माणूस उरलेल्या तुकड्यांवरून घटना नव्याने रचतो आणि मधल्या फटी आपल्या समजुतीने बुजवतो. त्यात नंतर ऐकलेले, फोटोत पाहिलेले, नुसते कल्पिलेलेही मिसळते. मजकूर मनात राहतो, पण तो कुठून आला हे निसटते. एखादे दृश्य वारंवार मनात आणले की ते सहज आणि तपशिलांसह समोर उभे राहते; या सहजतेलाच आपण ‘मी हे पाहिले आहे’ असे समजतो. खऱ्या आठवणीही अशाच समोर येत असल्याने आतून फरक कळणे फार अवघड.

एका शब्दानेही आठवण बदलते. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवली. नंतर काहींना ‘गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा’ वेग किती होता असे विचारले, काहींना ‘धडकल्या तेव्हा’ असे. आठवड्याने फुटलेली काच पाहिली का, या प्रश्नाला ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७. चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती.

न्यायालयात याची किंमत निरपराध माणूस मोजतो. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९८४ साली बलात्कार झालेल्या तरुणीने हल्लेखोराचा चेहरा मुद्दाम लक्षात ठेवला होता. फोटोंतून आणि मग ओळख परेडमध्ये तिने रोनाल्ड कॉटनला निवडले. दोन्ही वेळा तोच निवडल्याचे पोलिसांनी सांगितल्यावर तिची खात्री आणखी पक्की झाली. पुढे खरा गुन्हेगार न्यायालयात समोर आणला, तरी तिला तो अनोळखी वाटला. कॉटन १९९५ साली डीएनए चाचणीने सुटला, तोवर त्याने दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता.