आईच्या दुधातली प्रथिनं भातात: हा भात लावायचा कुठे?

अंगावर पिणारं मूल हगवणीने कमी आजारी पडतं, हे आपल्याकडच्या आज्यांना कुणी सांगावं लागत नाही. त्यामागच्या दोन प्रथिनांची ओळख मात्र विसाव्या शतकातली. लायसोझाइमची नोंद अलेक्झांडर फ्लेमिंगने १९२२ मध्ये केली. पेनिसिलिनच्या आधी, आणि तीही चक्क शेंबडात! ते जिवाणूंची भिंत फोडतं. लॅक्टोफेरिन लोह धरून ठेवतं आणि जिवाणूंना उपाशी मारतं. गाईच्या दुधात पहिलं जवळपास नसतंच, दुसरं अगदी थोडं.

मग ती बाहेर तयार करायची कशी? १९९० मध्ये नेदरलँड्समध्ये मानवी लॅक्टोफेरिनचं जनुक घातलेला हर्मन नावाचा बैल जन्मला. बैल कसला दूध देतो. सगळी भिस्त त्याच्या कालवडींवर. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी आईच्या दुधातलं बीटा-केसिन हे आणखी एक प्रथिन बटाट्याच्या रोपात उतरवलं.

खरा जोर लावला तो कॅलिफोर्नियातल्याच व्हेंट्रिया बायोसायन्सने. डेव्हिसच्या विद्यापीठातले रेमंड रॉड्रिग्ज यांच्या संशोधनातून ही कंपनी उभी राहिली. ही दोन प्रथिनं पिकवण्यासाठी त्यांची जनुकं घालायला त्यांनी भात निवडला, कारण त्याचं परागण बहुतांशी स्वतःच्याच फुलात होतं, आणि दाण्यात साठलेलं प्रथिन वाळल्यावरही टिकतं. शिवाय बाळाच्या तोंडी पहिल्यांदा पेजच तर जाते.

पेरूमध्ये जुलाब झालेल्या १४० मुलांवर चाचणी झाली. काहींना तांदळाच्या जलसंजीवनीत ही दोन प्रथिनं घालून दिली. त्यांचे जुलाब सरासरी ३.६७ दिवसांत थांबले, इतरांचे ५.२१ दिवसांत. पालकांची संमती नीट घेतली होती का, यावर तिथे पुढे बराच वाद झाला.

पण गाडी अडली ती शेतात. २००२ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्कात, जनुक घालून औषध पिकवणाऱ्या मक्याचे अवशेष सोयाबीनमध्ये मिसळले होते, आणि ती धास्ती ताजी होती. २००४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या भात मंडळाच्या सल्लागार समितीने लागवडीला ६ विरुद्ध ५ मतांनी हिरवा कंदील दाखवला, तरी राज्याने परवानगी नाकारली. शेतकऱ्यांचा जीव जपानच्या बाजारात अडकला होता: असा भात शेजारी लागला तर तिथले गिऱ्हाईक आपला तांदूळ नाकारतील, ही भीती. २००५ मध्ये मिसुरी या दुसऱ्या राज्यात पाय ठेवायचा म्हटलं, तर बडवायझर बिअर बनवणाऱ्या अॅनहॉयझर-बुशने सुनावलं: हा भात इथे लागला तर मिसुरीचा तांदूळ घेणार नाही. या बिअरमध्ये तांदूळ पडतो, आणि ही कंपनी तेव्हा देशातली सर्वात मोठी तांदूळ खरेदीदार होती. वाद प्रथिनाचा नव्हताच, असं मला वाटतं. तो होता रोजच्या अन्नाच्या पिकात औषध पिकवण्याचा; मक्याच्या वेळी जे झालं ते पाहता शेतकऱ्यांची भीती खुळी म्हणवत नाही.

शेवटी २००७ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने कॅन्ससमध्ये ३,२०० एकरांपर्यंत लागवडीला परवानगी दिली. तिथे विक्रीसाठी भात कुणी लावतच नाही, त्यामुळे शेजारच्या बांधाची चिंता नव्हती. या भातातून निघणारी प्रथिनं पुढे इनव्हिट्रिया या नावाने विकली जाऊ लागली. गिऱ्हाईक आहेत ते प्रयोगशाळेत पेशी वाढवणारे.