ड्रीम पॉपचं धुकं कुठून आलं

नव्या इंडी (मोठ्या कंपन्यांबाहेरच्या) किंवा ड्रीम पॉप (प्रतिध्वनीत बुडालेल्या, स्वप्नाळू पॉपच्या) अल्बमबद्दल कुणी लिहिलेलं वाचा. गाण्यांत काय म्हटलंय यावर जेमतेम दोन ओळी सापडतात. बाकी सगळं लिहिणाऱ्याबद्दल असतं: कुठल्या वेळी ऐकला, ऐकताना काय आठवलं, मन कुठे भरकटलं. बीच हाउसचा ‘वन्स ट्वाइस मेलडी’, स्लोडाइव्हचा ‘एव्हरीथिंग इज अलाइव्ह’ आणि ऑल्वेजचा ‘ब्लू रेव्ह’ हे तीन अल्बम अलीकडे लागोपाठ ऐकले आणि माझ्या टिपणांतही निम्मा मजकूर माझाच निघाला. हा लिहिणाऱ्यांचा आळस म्हणता येईल, आणि थोडा असेलही. पण मूळ कारण संगीतात आहे. या गाण्यांमधून शब्द हळूहळू मागे सरकवले गेले, आवाज पुढे आला, आणि रिकाम्या झालेल्या जागेत ऐकणारा जाऊन बसला. हे कुणी एका बैठकीत ठरवलं नव्हतं. पैशांची चणचण, स्वस्त होत गेलेली यंत्रं आणि काही अबोल माणसं यांच्यामुळे ते घडत गेलं.

आधी पैशांचं. डिसेंबर १९७६ मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने पाचशे पौंड उसने घेऊन चार गाणी रेकॉर्ड केली आणि जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच त्याच्या हजार प्रती काढल्या. कंपनी नाही, करार नाही. प्रती हातोहात खपल्या आणि ब्रिटनभरच्या पोरांना कळलं की रेकॉर्ड काढायला कुणाची परवानगी लागत नाही. लंडनमध्ये १९७६ साली सुरू झालेलं रफ ट्रेड हे रेकॉर्डचं दुकान १९७८ मध्ये स्वतःच लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, झालं. पुढे त्याने इतर शहरांतल्या दुकानांना हाताशी धरून वितरणाची साखळी उभी केली. जानेवारी १९८० पासून इंडी रेकॉर्डचा वेगळा चार्ट छापून यायला लागला. त्यात शिरण्याची अट सुरांशी संबंधित नव्हतीच. रेकॉर्ड मोठ्या कंपन्यांच्या वितरणातून आलेली नसावी, एवढंच. म्हणजे इंडी हा तेव्हा व्यवहाराचा शब्द होता. गिटारच्या एका विशिष्ट किणकिणाटाशी तो जोडला गेला तो नंतर, साधारण १९८६ च्या सुमारास, जेव्हा एनएमई या साप्ताहिकाने अशा नव्या बँड्सची ‘सी८६’ नावाची कॅसेट काढली.

त्याच १९८० साली लंडनमध्ये आयव्हो वॉट्स-रसेल आणि पीटर केंट यांनी फोरएडी हे लेबल सुरू केलं. केंट लवकरच बाहेर पडला. वॉट्स-रसेलला धंद्याच्या गणितापेक्षा कानाला काय भिडतं याचं वेड जास्त. व्हॉन ऑलिव्हर हा डिझायनर त्याला मिळाला आणि फोरएडीच्या वेष्टनांना स्वतःचा चेहरा आला. बँडचे फोटो जवळजवळ नसायचेच. धूसर पोत, गंजलेले रंग, कशाचं छायाचित्र आहे ते न उलगडणारं. रेकॉर्ड हातात घेतली की गाणारे कोण, दिसतात कसे, याचा पत्ता लागायचा नाही. माझ्या मते ड्रीम पॉपची निम्मी मोहिनी या वेष्टनांनी घडवली, आणि आजही या प्रकारातल्या अल्बमांची मुखपृष्ठं त्याच वाटेने जातात.

या लेबलकडे आलेला कॉक्टो ट्विन्स हा बँड स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमथचा. तेव्हाचं तेलशुद्धीकरणाच्या कारखान्याचं गाव. रॉबिन गथ्री आणि विल हेगी यांनी १९७९ च्या सुमारास बँड जमवला आणि एलिझाबेथ फ्रेझर गायला आली. ड्रमर नव्हता, म्हणून ड्रम मशीन. पहिला अल्बम ‘गार्लंड्स’ १९८२ चा. तो अजून पोस्ट-पंकच्या, म्हणजे पंकनंतरच्या उदास रॉकच्या, काळोखातच आहे. मग हेगी निघून गेला आणि फ्रेझर-गथ्री दोघांनीच ‘हेड ओव्हर हील्स’ (१९८३) केला. खरी कलाटणी इथे. बेसवाला गेल्यामुळे पडलेली पोकळी गथ्रीने प्रतिध्वनीने भरली. एका गिटारवर कोरस (सूर दुणावणारा), डिले (पुन्हा पुन्हा उमटवणारा), रिव्हर्ब (घुमवणारा) असे यांत्रिक परिणामांचे थर चढवत तो गेला आणि गिटार गिटारसारखी वाजेनाशी झाली.

यंत्रांचा काळही जुळून आला होता. रोलंडचा स्पेस एको हा टेपवर चालणारा प्रतिध्वनी १९७४ पासून बाजारात होता, कोरसचा पहिला पेडल, म्हणजे पायाने चालवायची पेटी, १९७६ चा. डिजिटल रिव्हर्ब मात्र आरंभी फक्त श्रीमंत स्टुडिओंना परवडायचा. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर यामाहा आणि अलेसिस यांच्या स्वस्त पेट्या आल्या आणि मोठ्या दिवाणखान्याची, देवळाची, बोगद्याची घुमक कुणालाही घरच्या खोलीत मिळायला लागली. साठच्या दशकात निर्माता फिल स्पेक्टरला असा घुमारा काढायला एका खोलीत डझनभर वादक आणि खराखुरा एको चेंबर लागायचा. आता एक माणूस आणि एक पेटी.

पण गथ्रीच्या धुक्यापेक्षा मोठं गूढ फ्रेझरच्या गाण्यात होतं. शब्द ओळखू येत नाहीत. काही ठिकाणी ते इंग्रजीच असतात पण ताणलेले, मोडलेले. काही ठिकाणी तिने न कळणाऱ्या भाषांतली पुस्तकं चाळून केवळ नादासाठी शब्द उचललेले. ‘ट्रेझर’ (१९८४) मधल्या दहाही गाण्यांची शीर्षकं म्हणजे निव्वळ नावं, आणि पहिलं नाव लेबलच्या मालकाचंच, ‘आयव्हो’. या वेळेपर्यंत सायमन रेमंड हा बेसवादक येऊन तिघांचा संच पुरा झाला होता. गाणं कशाबद्दल आहे हे सांगता येत नाही, तरी गाणारीचं काळीज त्यात आहे याबद्दल शंका राहत नाही. समीक्षकांची मात्र पंचाईत झाली. ओळी उद्धृत करायची सोय नाही, तर लिहायचं काय? मेलडी मेकर आणि एनएमई या साप्ताहिकांतून मग चांदणं, हिमनग, देवदूत यांची रेलचेल झाली. बँडला या वर्णनांचा कंटाळा यायचा. पण अल्बम ऐकून स्वतःच्या मनाचं वर्णन करायची रीत पडली ती तिथेच.

फ्रेझर आणि गथ्रीने १९८३ मध्ये धिस मॉर्टल कॉइल या वॉट्स-रसेलच्या प्रकल्पासाठी अमेरिकन गायक टिम बकलीचं ‘साँग टू द सायरन’ केलं. एक गिटार, एक आवाज. ब्रिटनच्या इंडी चार्टवर ते जवळपास दोन वर्षं राहिलं. दिग्दर्शक डेव्हिड लिंचला ते ‘ब्लू व्हेल्वेट’ या चित्रपटात हवं होतं, पण हक्कांचा खर्च झेपेना. मग संगीतकार अँजेलो बादालामेंटीने त्या जागी नवं गाणं रचलं आणि ते जूली क्रूझने गायलं. याच तिघांतून पुढे १९८९ चा ‘फ्लोटिंग इंटू द नाइट’ आला आणि ‘ट्विन पीक्स’ मालिकेचं शीर्षकसंगीत घराघरांत पोचलं. एका गाण्याचे हक्क परवडले नाहीत, म्हणून ड्रीम पॉपला एक अमेरिकन शाखा फुटली.

प्रकाराचं नाव मात्र कॉक्टो ट्विन्सचं नव्हे. त्याचं श्रेय सहसा ए. आर. केन या पूर्व लंडनच्या जोडीला दिलं जातं. ॲलेक्स अयुली आणि रूडी तंबाला हे दोन कृष्णवर्णीय मित्र. डब (प्रतिध्वनीने भरलेलं रेगे), जॅझ आणि गिटारचा कल्लोळ त्यांनी एकत्र ओतला. त्यांचा ‘६९’ (१९८८) आजही विक्षिप्त आणि ताजा वाटतो. त्याआधी १९८७ मध्ये कलरबॉक्स या बँडबरोबर मार्स या नावाने केलेलं ‘पंप अप द व्हॉल्यूम’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं होतं, तरीही या प्रकाराच्या इतिहासात त्यांचं नाव बरेचदा तळटिपेत सापडतं. ज्यांनी नाव दिलं त्यांनाच यादीतून वगळायचं, हे मला खटकतं.

डब्लिनमध्ये सुरू झालेल्या माय ब्लडी व्हॅलेंटाइनने याच धुक्याला धार लावली. केव्हिन शील्ड्स गिटारचा ट्रेमोलो दांडा हातात धरूनच तारा छेडायचा, त्यामुळे सूर सतत किंचित घसरत राहायचा. बिलिंडा बुचर कित्येकदा झोपेतून उठून थेट माइकसमोर यायची, आणि ती गुंगी आवाजात उतरली आहे. ‘लव्हलेस’ला दोनेक वर्षं लागली, अनेक स्टुडिओ बदलले गेले. तो नोव्हेंबर १९९१ मध्ये क्रिएशन लेबलवर आला. खर्च किती झाला यावर लेबल आणि शील्ड्स यांचं कधी एकमत झालं नाही. पायाजवळच्या पेडलांकडे बघत वाजवणाऱ्या या मंडळींना शूगेझ (बूट न्याहाळणं) हे नाव चिकटलं. ते कौतुकाने दिलेलं नव्हतं.

रेडिंगच्या स्लोडाइव्हने तर उपहास पोटभर सोसला. ज्या साप्ताहिकांनी त्यांना डोक्यावर घेतलं त्यांनीच ‘सुव्लाकी’ (१९९३) येईपर्यंत पाठ फिरवली होती. १९९२ मध्ये क्रिएशनचा ४९ टक्के वाटा सोनीने घेतला, १९९४ मध्ये ओएसिस या ब्रिटपॉप बँडचा धमाका त्याच लेबलवरून झाला, आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये ‘पिग्मेलियन’ प्रसिद्ध झाल्यावर आठवड्याभरातच स्लोडाइव्हला निरोप मिळाला. ब्रिटपॉप या नव्या ब्रिटिश गिटार-पॉपला शब्द स्पष्ट हवे होते, ध्रुवपद ओरडून म्हणता यायला हवं होतं.

अमेरिकेत तोवर वेगळी, कोरडी वाट निघाली होती: बोस्टनकडचा गॅलक्सी ५००, आणि हॉलिवूडच्या चकचकाटाला पाठ करून बसल्यासारखा मॅझी स्टार. मॅझी स्टारचं लेबल असलेल्या रफ ट्रेडचं १९९१ मध्ये दिवाळं निघालं आणि बँड कॅपिटलसारख्या मोठ्या कंपनीकडे गेला. तरी लोक त्यांना इंडीच म्हणत राहिले. व्यवहाराचा शब्द आवाजाचा झाला तो असा.

पुढची दहाएक वर्षं हा आवाज जुन्या रेकॉर्ड जपणाऱ्यांपुरता उरला. परत आला तो घरात रेकॉर्ड करणाऱ्यांमुळे. बॉल्टिमोरच्या व्हिक्टोरिया लग्रां आणि ॲलेक्स स्कॅली यांनी २००६ मध्ये बीच हाउसचा पहिला अल्बम जुना ऑर्गन, गिटार आणि ड्रम मशीन एवढ्यावर काढला. ड्रमर नसण्यातून पुन्हा तोच घुमारा. टेक्सासमधल्या एल पासोच्या सिगरेट्स आफ्टर सेक्सने २०१२ ची पहिली गाणी विद्यापीठाच्या जिन्यात रेकॉर्ड केली. पेटीऐवजी खऱ्या भिंतींचा प्रतिध्वनी! त्यानंतरचे त्यांचे अल्बम मला एकच लांबलचक गाणं वाटतात, पण त्या जिन्यातली गाणी अजून टिकून आहेत. २००८ मध्ये बँडकॅम्प ही कलाकारांना संगीत थेट विकू देणारी वेबसाइट आल्यावर लेबलचीही सक्ती उरली नाही. सोलमधल्या एकट्या माणसाच्या पॅरानूल या प्रकल्पाचा २०२१ चा अल्बम असाच जगभर पोचला.

आता ते तीन अल्बम. ‘वन्स ट्वाइस मेलडी’ नोव्हेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२ दरम्यान चार भागांत आला, अठरा गाणी, आणि बीच हाउसच्या रेकॉर्डवर प्रथमच खऱ्या तंतुवाद्यांचा ताफा. पहिल्या अल्बममधल्या काटकसरीचं हे दुसरं टोक आहे, आणि मला ते थोडं अति वाटलं. पहिले दोन भाग उत्तम, नंतर चकाकी जड व्हायला लागते. ‘एव्हरीथिंग इज अलाइव्ह’ (२०२३) हा स्लोडाइव्हच्या २०१४ च्या पुनर्मीलनानंतरचा दुसरा अल्बम. गायिका रेचल गॉसवेलची आई आणि ड्रमर सायमन स्कॉटचे वडील यांना तो अर्पण केला आहे. दोघांचंही निधन २०२० मध्ये झालं. गाणी शोक करत नाहीत. सिंथेसायझरच्या संथ पटावर ती नुसती पुढे जात राहतात, आणि शब्द नेहमीप्रमाणे अर्धेच कळतात. ज्या देशात त्यांची टिंगल झाली तिथे हा अल्बम पहिल्या दहांत गेला.

‘ब्लू रेव्ह’ (२०२२) मात्र या रांगेत नीट बसत नाही. टोरांटोच्या ऑल्वेजची गिटार लव्हलेसच्या घराण्यातली, सूर घसरत जातो तोही तसाच. निर्माता शॉन एव्हरेटने त्यांना अख्खा अल्बम सलग वाजवायला लावला, आणि ती धाप ऐकू येते. पण गायिका मॉली रँकिन शब्द लपवत नाही. तिच्या ओळींत माणसं आहेत, टोमणे आहेत, लहान गाव सोडण्याची कारणं आहेत. तिघांपैकी हाच अल्बम मी सर्वात जास्त वेळा परत लावला, आणि टिपणांत माझ्याबद्दल सर्वात कमी लिहिलं गेलं ते याच्याच पानावर.