मिक्स्चरचा स्क्रू गेला, शब्द राहिला

सिग्नलला गाडी उभी केली की स्टिअरिंग थरथरते, रेस वर-खाली होते, एसी लावला तर इंजिन बंदच पडते. ही तक्रार घेऊन सोलापुरातल्या गॅरेजमध्ये गेले की हल्ली पहिले उत्तर मिळते, "वीस टक्केवालं पेट्रोल आहे ओ, मिक्स्चर बिघडणारच." म्हणजे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे, त्यामुळे हवा-पेट्रोलचे प्रमाण बिघडते. याच दुखण्याला पूर्वी "कचरा आलाय" असे उत्तर असायचे. ही दोन्ही उत्तरे कुठून आली, हे सांगण्यासाठी हे टिपण.

पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरच्या काळात मिक्स्चर ही हाताने फिरवायची गोष्ट होती. कार्बोरेटरचा स्क्रू आत-बाहेर करत कानाने रेस पकडायची, प्लग काढून त्याचा रंग बघायचा. काळा काजळलेला असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी आणि विटकरी असेल तर गाडी बरोबर. मे महिन्यात पारा ४२च्या पुढे गेला की पेट्रोलची गाडीच्या फ्यूएल पंपातच वाफ व्हायची आणि त्यावर ओले फडके टाकावे लागायचे. त्याचा मिक्स्चरच्या स्क्रूशी काही संबंध नसे, पण स्क्रू फिरवला जायचाच. टाकीतला गंज, डब्यातून ओतलेल्या पेट्रोलमधली माती कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक भोकात, अडकायची, हे खरेच होते. पण हळूहळू 'कचरा' हा शब्द प्रत्येक मिसिंगला, म्हणजे इंजिनच्या प्रत्येक झटक्याला, चालू लागला. गळका गॅस्केट असो की मेलेला प्लग, निदान एकच.

२०००च्या आसपास एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने इंजेक्टरमधून पेट्रोल फवारणारी पद्धत आली. भारत स्टेज दोन हे गाड्यांच्या धुराचे सरकारी मानक एप्रिल २००५ पासून देशभर लागू झाले आणि नव्या मोटारींत कार्बोरेटरला जागा उरली नाही. पीयूसीतही फरक पडला. ऑक्टोबर २००४ पासून जुन्या पेट्रोल मोटारींना स्लो रेसवर (गाडी उभी, इंजिन चालू) कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के राहिली, तर स्टेज दोनच्या गाड्यांना ०.५ टक्के. कानाने लावलेल्या स्क्रूच्या आवाक्यातला हा आकडा नव्हे.

यानंतरचा एक निर्णय सोलापूरकरांच्या फारसा लक्षात नाही. १ एप्रिल २०१० पासून भारत स्टेज चार फक्त १३ शहरांत लागू झाले. मुंबई, पुणे, दिल्ली, कानपूर, आग्रा या नावांच्या रांगेत सोलापूरही होते. हवेतल्या धूलिकणांवरून ज्या शहरांनी आराखडे करावेत असे न्यायालयाने २००३ मध्ये सांगितले होते, त्यांतही सोलापूर होते. इथली धूळ मुख्यतः रस्त्यांची, तिच्यासाठी मोटारींचे धुराडे का धरायचे, असा प्रश्न विचारता येतो. मला तो रास्तही वाटतो. पण त्या निर्णयामुळे एक गोष्ट घडली. स्टेज चारच्या गाड्यांत स्वतःचा दोष स्वतः कोडच्या रूपात नोंदवून डॅशबोर्डवर दिवा लावणारी ओबीडी यंत्रणा होती, २०१३ पासून तिची पुढची पायरी आली. लातूर, उस्मानाबादला स्टेज तीनच्या नव्या गाड्या विकल्या जात होत्या, तेव्हा सोलापूरच्या शोरूममधून असा दिवा असलेल्या गाड्या बाहेर पडत होत्या. गाडी बोलू लागली, पण ते कोड वाचणारे स्कॅनर बहुतेक गॅरेजांत नव्हते. दिवा लागला की बॅटरीची वायर काढून तो घालवायचा, हा उपाय त्या वर्षांतला.

स्कॅनर आले आणि सगळ्यात मोठा घोळ 'लीन' या शब्दाने घातला. लीन म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी. पी ०१७१ हा लीनचा कोड दिसला की त्याचा अर्थ 'पेट्रोल कमी' असा लावून पंप, फिल्टर, इंजेक्टर बदलले जातात. खरे तर ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल दिसतच नाही, तो सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला उरलेला ऑक्सिजन मोजतो. इनटेकच्या फाटक्या रबरी नळीतून न मोजलेली हवा आत आली, तरी लीन. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टचा सांधा फुटून बाहेरची हवा ओढली गेली, तरी लीन. आणखी फसवा प्रकार मिसफायरचा. एका सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही, तर तिथली हवा न जळता तशीच बाहेर येते, सेन्सर 'लीन' म्हणतो आणि कॉम्प्युटर सगळ्या सिलिंडरांत पेट्रोल वाढवतो. मग प्लग काळे निघतात. पद्मिनीवर हात बसलेला मिस्त्री प्लग बघून "पेट्रोल जास्त होतंय" म्हणतो, स्कॅनर म्हणतो पेट्रोल कमी. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात आणि गाडीला हवी असते फक्त एक इग्निशन कॉइल.

आता इथेनॉल. पाच टक्के मिश्रण महाराष्ट्रासह नऊ राज्यांत २००३ मध्येच सुरू झाले होते, तेव्हा कुणी गाडीच्या थरथरीचा दोष त्याला दिला नाही. दहा टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला. २०३०चे वीस टक्क्यांचे उद्दिष्ट २०२५ वर ओढले गेले आणि पूर्णही झाले. सोलापूर जिल्ह्यात ही चर्चा जपून होते, कारण ज्याची गाडी मिसिंग मारते त्याचाच ऊस कारखान्यावर उभा असतो. डिसेंबर २०२३ मध्ये रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले, तेव्हा ओरड याच भागातून झाली होती. आता बरेचसे इथेनॉल मक्यापासून होते, हे इथे सहसा कुणी बोलून दाखवत नाही.

गणित असे. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, वीस टक्के मिश्रणाला साधारण १३.५ पट. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन, आणि दहा टक्क्यांवर बेतलेल्या गाडीला त्याच्या निम्मेच. सेन्सर शाबूत असेल तर कॉम्प्युटर ही भर सहज घालतो. कोड बहुधा ही भर वीस-पंचवीस टक्क्यांच्या पुढे गेली की पडतो, त्यामुळे नुसत्या इथेनॉलने दिवा लागणे कठीण. मायलेज घटते ते वेगळे. २०२१च्या सरकारी आराखड्यातच काही मोटारींसाठी ६ ते ७ टक्क्यांची घट धरली होती. पंपावर जुन्या पेट्रोलचा पर्याय न ठेवता हे केले गेले, आणि तो मागणारी याचिका सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली गेली. ही सक्ती जुन्या गाडीवाल्यावर अन्यायकारक आहे, असे माझे मत. कार्बोरेटरच्या मारुती ८०० मध्ये ही भर घालणारे कुणीच नसते. तिथे मिक्स्चर खरेच लीन होते, शिवाय इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवून फिल्टरमध्ये आणून टाकते. अशा गाडीला "कचरा आलाय" म्हणणारा चुकत नाही.

बाकीच्या गाड्यांत मात्र पेट्रोलला दोष देण्याआधी स्कॅनरवर फ्यूएल ट्रिमचा, म्हणजे कॉम्प्युटरने पेट्रोल किती टक्के वाढवले-घटवले त्याचा, आकडा बघावा. इंजिन गरम झाल्यावर स्लो रेसवर एकदा आणि २५०० आरपीएमवर एकदा. इथेनॉलमुळे वाढ असेल तर दोन्हीकडे ती जवळपास सारखीच दिसते. स्लो रेसवर १८ आणि रेस वाढवल्यावर ३ दिसत असेल, तर आधी नळ्या आणि गॅस्केट तपासावेत. उलट, रस्त्यावर लोड घेताना आकडा चढत गेला तर पंप किंवा फिल्टर.