सहा शब्दांची कथा आणि पैजेचा किस्सा

'विकणे आहेत : बाळाचे बूट, कधीच न घातलेले.' मूळ इंग्रजीत सहा शब्दांची ही कथा अर्नेस्ट हेमिंग्वे या नोबेलविजेत्या अमेरिकन कादंबरीकाराने मित्रांशी पैज लावून लिहिली, असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. किस्सा पुस्तकांतही छापला गेलाय, त्यामुळे खरा वाटणं साहजिक आहे.

पण तारखा पाहा. लेखकाचं निधन १९६१ मध्ये झालं. पैजेचा आजवर सापडलेला सर्वांत जुना छापील उल्लेख १९९१ चा आहे. त्यांच्या हयातीतला पुरावा सापडलेला नाही.

कथेचं बीज मात्र फार जुनं. मे १९१० मध्ये अमेरिकेतल्या स्पोकेन शहरातल्या एका वर्तमानपत्राने छोट्या जाहिरातीवर बातमी केली होती : बाळासाठी हाताने शिवलेले कपडे आणि बाळाचा पलंग विकणे आहे, वापरलेले नाहीत. त्या ओळीमागचं आईचं दुःख बातमीदाराने नेमकं ओळखलं होतं. मला ही बातमी पैजेपेक्षा कितीतरी मोलाची वाटते. तेव्हा तो कादंबरीकार जेमतेम दहा वर्षांचा होता!

हे घरबसल्या तपासता येतं. त्या काळातल्या अनेक अमेरिकन वर्तमानपत्रांचे स्कॅन केलेले अंक इंटरनेटवर मोफत आहेत. शहर आणि महिना टाकून शोधा. मग पैजेचा १९९१ आधीचा उल्लेख कुठे मिळतो का, तेही पाहा.