एका छपराखाली पाच हजार संगणक

स्वीडनमधल्या मालुंग या लहानशा गावात, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, एका शाळेच्या तळघरात मुलं आपापले संगणक उचलून आणायची आणि रात्र रात्र जागायची. मार्टिन ओयेस आणि केनी एक्लुंड हे त्यातले पुढारी. १९९४ मध्ये तळघर अपुरं पडलं, तेव्हा मंडळी शाळेच्या उपाहारगृहात आली. 'ड्रीमहॅक' या मेळाव्याची ही सुरुवात.

ही मुलं फक्त खेळायला जमत नव्हती. त्यांचा खरा नाद 'डेमो'चा. आधी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ न वापरता संगणकाने त्या क्षणी आकडेमोड करून पडद्यावर चित्रं हलवायची, सोबत संगीत वाजवायचं. त्यातल्या एका स्पर्धाप्रकारात सगळा कार्यक्रम ६४ किलोबाइटमध्ये बसवावा लागतो. आपल्या मोबाइलमधला एक साधा फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो! माझ्या मते इतक्या कमी जागेत इतकं सौंदर्य दुसऱ्या कुठल्याच कलेने साधलेलं नाही. स्वीडनमधली 'डाइस' ही गेम बनवणारी कंपनीही अशाच एका डेमो गटातल्या तरुणांनी १९९२ मध्ये उभी केली.

डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' हा गोळीबाराचा संगणक खेळ आला आणि एकाच वायरीवर चौघं एकमेकांशी खेळू लागले. मोडेमने, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून, खेळायचं तर बटण दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंत बऱ्याचदा दीड-दोनशे मिलिसेकंद जात. एकाच खोलीत जोडलेल्या संगणकांमध्ये हाच वेळ एखाद्या मिलिसेकंदावर येतो. पडदा सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल, तर एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद टिकतं. म्हणजे खोलीतला उशीर डोळ्याला कळतच नाही. संगणकांचे जड पडदे आणि पेट्या गाडीत घालून मैलोन् मैल न्यायचं कारण हे होतं.

पण ती वायर फार हट्टी. त्या काळी टीव्हीच्या केबलसारखी एकच केबल एका संगणकाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे अशी फिरायची. तिच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचा रोध बसवावा लागे. तो नसला, तर टोकाला पोचलेला विद्युत संदेश तिथून उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्या संदेशात मिसळून त्याची माती करतो. कुणी मधेच केबल सोडवली की दोन नवी मोकळी टोकं तयार होत आणि सगळी रांग बंद पडे. शिवाय सेकंदाला एक कोटी बिट ही क्षमता रांगेतल्या सगळ्यांत मिळून एकच. डूमच्या पहिल्या आवृत्तीने तर कहरच केला. तिची पॅकेट, म्हणजे माहितीचे छोटे गठ्ठे, खेळणाऱ्या चौघांऐवजी नेटवर्कवरच्या प्रत्येक संगणकाकडे जात. चाळीत एकाने दुसऱ्याला हाक मारली आणि सगळ्या बिऱ्हाडांनी दार उघडून पाहिलं, तसा प्रकार. पुढच्या आवृत्तीत हे सुधारलं.

पुढे संगणक जोडणाऱ्या पेट्या, म्हणजे स्विच, आले. स्विच पॅकेटवरचा पत्ता वाचतो आणि ज्याचं त्यालाच देतो. तरी काही हाका सर्वांसाठीच असतात, उदाहरणार्थ 'हा पत्ता कुणाचा?'. पाच हजार संगणक एकाच नेटवर्कवर ठेवले, तर अशी प्रत्येक हाक पाच हजार जणांना ऐकावी लागेल. म्हणून एवढ्या मोठ्या मेळाव्यात नेटवर्कचे लहान लहान तुकडे पाडतात आणि ते तुकडे राउटर नावाच्या यंत्राने एकमेकांशी जोडतात. हे सगळं मोजक्या दिवसांत उभं करायचं आणि मेळावा संपला की गुंडाळायचं. जिंकणाऱ्या खेळाडूंइतकंच कौतुक मला या केबल ओढणाऱ्यांचं वाटतं.

१९९७ मध्ये ड्रीमहॅक बुरलेंगे शहरात आणि २००१ मध्ये यनशोपिंगच्या एल्मिया प्रदर्शन केंद्रात गेला. २००४ मध्ये गिनीज विक्रम झाला, एकाच नेटवर्कला जोडलेल्या ५,२७२ संगणकांचा. प्रत्येक संगणक आणि पडद्याला मिळून ३०० वॅट धरले, तरी एकूण १५ लाख वॅटच्या वर जातात. ही वीज जवळजवळ सगळीच शेवटी उष्णता होते. म्हणजे वीज आत आणण्याइतकंच उष्णता बाहेर काढणंही महत्त्वाचं. २००७ च्या हिवाळ्यात संगणकांची संख्या दहा हजारांपलीकडे गेली.

घरोघरी संगणक होते, म्हणूनच ते उचलून आणता आले. स्वीडन सरकारने १९९८ पासून करसवलत देऊन नोकरदारांना मालकांमार्फत घरी संगणक घेणं स्वस्त केलं होतं.

२०१५ मध्ये एका माध्यम कंपनीने ड्रीमहॅक विकत घेतला आणि व्यावसायिक स्पर्धांचं पारडं अधिकच जड झालं. डिसेंबर २०१८ मध्ये तो मुंबईत, गोरेगावच्या नेस्को केंद्रातही भरला. घरोघरी वेगवान इंटरनेट असताना मोठ्या स्पर्धांच्या अंतिम फेऱ्या आजही एकाच सभागृहात का होतात? मुंबई ते स्टॉकहोम हे सरळ अंतर सुमारे ६,२०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन येऊन किमान ६२ मिलिसेकंद, आणि केबल कधीच सरळ रेषेत नसते. तेवढ्या वेळात पडद्यावर जवळजवळ चार चित्रं बदललेली असतात. बँडविड्थ, म्हणजे सेकंदाला किती माहिती जाते ती क्षमता, कितीही वाढवली, तरी हा वेळ कमी होत नाही.