दोन रेघांचा कौल

ग्रामदेवतेला कौल लावताना प्रश्न नेमका विचारावा लागतो, हे कोकणात लहान पोरालाही ठाऊक असतं. पाकळी उजवीकडची पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. पण 'जमीन घेऊ का' असं विचारून पडलेल्या कौलावरून पोराच्या नोकरीचं उत्तर कुणी काढत नाही.

शुक्राणू तपासणीच्या घरगुती किटबाबत मात्र हेच होताना दिसतं. तालुक्याच्या गावी माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. किटचा फोटो मोबाइलवर दाखवून, आवाज खाली आणून, 'एकच रेघ आलीय, म्हणजे संपलंच ना?' असं विचारणारे येतात. दोन रेघा आल्या म्हणून निर्धास्त झालेले येतच नाहीत, त्यांच्या बायका येतात. मला जास्त काळजी त्या दुसऱ्या गटाची वाटते.

किटची पट्टी शुक्राणू एक एक करून मोजत नाही. शुक्राणूच्या डोक्यावर टोपीसारखी एक पिशवी असते, तिच्यात एसपी-१० नावाचं प्रथिन असतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात जॉन हेर यांच्या प्रयोगशाळेने ते शोधलं. किटमधल्या द्रावणात नमुना कालवला की हे प्रथिन सुटतं, पट्टीवर चिकटवलेली प्रतिपिंडं त्याला पकडतात आणि रंगीत रेघ उमटते. ठरलेल्या मर्यादेपेक्षा प्रथिन जास्त असेल तर 'टी'ची, म्हणजे टेस्टची, रेघ स्पष्ट दिसते. ही मर्यादा किटप्रमाणे बदलते: काहींत मिलिलिटरला दीड कोटी शुक्राणू, काहींत दोन कोटी. 'सी'ची रेघ फक्त पट्टी चालू आहे एवढं सांगते. ती नसेल तर पट्टी फेकून द्यायची, पावसाळ्यात उघड्या पाकिटात राहिलेल्या पट्टीचा तर मुळीच भरवसा नाही.

म्हणजे पट्टीला विचारलेला प्रश्न एकच: दाटी पुरेशी आहे का? शुक्राणू पोहतात का, हे ती विचारत नाही. मेलेल्या शुक्राणूच्या डोक्यातही तेच प्रथिन असतं. आंब्याची पेटी न उघडता नुसत्या डझनांवर घ्यावी, तशी ही मोजणी. मोबाइलच्या कॅमेऱ्याला भिंग लावून हालचाल दाखवणारी महाग किटंही मिळतात. ती एक पायरी पुढची, पण शुक्राणूची ठेवण त्यांतही नीट कळत नाही. आणि हापूसमधला साका जसा फळ कापल्याशिवाय दिसत नाही, तसा शुक्राणूच्या डीएनएमधला तुटकेपणा आमच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसत नाही. त्याची तपासणी वेगळी असते.

दाटीचं गणितही फसवं आहे. एखाद्याचे मिलिलिटरला २ कोटी २० लाख शुक्राणू आहेत, म्हणजे पट्टीवर दोन रेघा. पण वीर्यच ०.८ मिलिलिटर असेल तर एकूण हिशेब १ कोटी ७६ लाखांवर थांबतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शिकेत एकूण संख्येची खालची मर्यादा ३ कोटी ९० लाख आहे. त्याच मार्गदर्शिकेतले बाकीचे आकडे असे: वीर्य १.४ मिलिलिटर, मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण शुक्राणूंपैकी हलणारे ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, ठीक ठेवणीचे ४ टक्के. हो, चारच. रिपोर्टवर '९६ टक्के बेढब' वाचून घाम फुटलेल्या माणसाला मी आधी खुर्ची देतो.

हे आकडे आले कुठून? ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस गेले, अशा पुरुषांचे नमुने तपासून. त्यांना चढत्या क्रमाने उभं केलं, तर शंभरातले पाच या मर्यादेच्या खाली येतात. ते पाचही बाप झालेच होते! तेव्हा मर्यादेच्या खाली असणं म्हणजे वाट लांबण्याची शक्यता, रस्ता बंद असा अर्थ नव्हे. रस्ता खरोखर बंद असण्याची शंका नमुन्यात एकही शुक्राणू न दिसल्यावर येते, आणि तेव्हासुद्धा नळी तुंबली आहे की मुळात तयारच होत नाहीत, हे मूत्ररोगतज्ज्ञ पाहतो.

आता आपल्याकडची खास गोष्ट. किनाऱ्यावरच्या गावागावांत जहाजावर नोकरी करणारे आहेत. लग्नाला तीन वर्षं झाली, तरी नवरा-बायको एकत्र राहिलेले महिने मोजले तर पाचही भरत नाहीत. वैद्यकशास्त्र 'वंध्यत्व' हा शब्द काढतं तो १२ महिने नियमित संबंध येऊनही दिवस न गेल्यावर, बायकोचं वय ३५च्या पुढे असेल तर ६ महिन्यांनी. दर महिन्यात गर्भ राहण्यासारखे दिवस जेमतेम सहा. दीड महिन्याच्या सुट्टीत ती संधी एकदा, फार तर दोनदा येते. सासूबाईंच्या कॅलेंडरवर तीन वर्षं असतील, शरीराच्या कॅलेंडरवर नाहीत.

असा माणूस साइन ऑफ करून घरी येतो आणि पहिल्याच सकाळी किट उघडतो. नमुना देण्याआधी २ ते ७ दिवसांचं अंतर हवं. त्याहून जास्त थांबलं तर संख्या फुगते, हालचाल मंदावते, म्हणजे पट्टीला उलट छान वाटतं. नमुन्याचा पहिला भाग सांडला तर उलटा घोळ, कारण बहुतेक शुक्राणू त्यातच असतात. नमुना पातळ होण्याआधी, अर्ध्या तासाच्या आत घाई केली तरी पट्टी चुकते.

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, शिवाय बाहेर पडण्याआधी परिपक्व व्हायला आणखी काही दिवस. एकूण तीन महिने, हळवं भात पेरून कापायला येईपर्यंतचा काळ. आज दिलेल्या नमुन्यात तीन महिन्यांपूर्वीचं हवामान असतं. आषाढात डेंग्यू नाहीतर लेप्टोचा ताप अंगावर काढला आणि गणपतीला तपासणी केली, तर संख्या पडलेलीच दिसणार. ताप वृषणांना सोसत नाही. शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंड राहता यावं म्हणून तर ती पोटाबाहेर आहेत. इंजिन रूममध्ये पारा चाळिशी ओलांडतो, बेकरीची भट्टीही तशीच. तिथे काम करणाऱ्यांनी नोकरी सोडावी असं मी म्हणणार नाही, पण कामानंतर सैल कपडे घालावेत आणि लॅपटॉप मांडीवर घेऊ नये. एका वाईट निकालावर घर डोक्यावर घेण्यापेक्षा काही आठवड्यांनी, आणि ताप येऊन गेला असेल तर तीन महिन्यांनी, पुन्हा तपासावं.

सुधारणेच्या बाबतीत तंबाखू, मिस्री, गुटखा आणि दारू सोडणं, पोट कमी करणं, साखर आटोक्यात ठेवणं ही यादी सगळ्यांना पाठ आहे. कमी माहीत असलेलं सांगतो. जिममध्ये दंड फुगवायला घेतलेलं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन संख्या शून्यावर आणू शकतं. बाहेरून हार्मोन मिळतंय म्हटल्यावर मेंदू वृषणांना काम द्यायचंच थांबवतो. पूर्ववत व्हायला कित्येक महिने जातात. वृषणाजवळच्या, बहुधा डाव्या बाजूच्या, शिरा फुगल्या असतील, ज्याला व्हेरिकोसील म्हणतात, तर ते तज्ज्ञाच्या हाताला कळतं आणि योग्य रुग्णात शस्त्रक्रियेने फायदा होतो.

कालवं खा, असा सल्ला आमच्या खाडीकाठी पूर्वापार मिळतो. कालवांत जस्त भरपूर, ही गोष्ट खरी. पण २०२० साली अमेरिकेत २,३७० जोडप्यांवरच्या चाचणीत पुरुषांना सहा महिने जस्त आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या, तर ना वीर्य सुधारलं, ना बाळं जास्त जन्मली. कालवं चवीसाठी खावीत. महागड्या 'पुरुषशक्ती'च्या डब्यांना चवही नसते.

बागायतदारांसाठी एक जुनी हकिकत. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात कामगारांच्याच लक्षात आलं की आपल्यापैकी कुणाला मूल होत नाही. ते डीबीसीपी हे सूत्रकृमिनाशक हाताळत होते. तपासणीत अनेकांचे शुक्राणू नाहीसे किंवा अगदी कमी झालेले आढळले. आज मोहोरावर मारतात ती औषधं वेगळी आहेत. तरी उघड्या अंगाने, लुंगी खोचून फवारणी करणाऱ्याने हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मास्क वापरावा, एवढं त्या हकिकतीवरून म्हणता येतं.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडच्या कारणाचा वाटा असतो. तरी गाऱ्हाणं बायकोच्या नावाने, ओटी तिची, नळ्या तपासायचा दुखरा एक्स-रेही आधी तिचाच. नवऱ्याची तपासणी एका डबीची आणि काहीशे रुपयांची. ती पहिल्याच आठवड्यात व्हावी. किटमुळे संकोच मोडून एखादा लॅबपर्यंत आला, तर किटचे पैसे वसूल झाले असं मी धरतो.

नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. घरून आणायचा तर झाकणाची डबी खिशात, अंगाच्या उबेला ठेवून तासाभरात पोचवावी. वाडीवरून एसटीने येणाऱ्यांनी हे आधी फोन करून विचारावं. मागे एकाने थर्माकोलच्या खोक्यात, सुरमईसारखी खाली-वर बर्फ पसरून डबी आणली होती. सूक्ष्मदर्शकाखाली सगळं गारठून निपचित. 'खराब होऊ नये म्हणून,' तो म्हणाला. तीन दिवसांनी परत बोलावलं.