घाबरल्यावर कागदी पिशवीत श्वास घ्यावा का?

‘ताणामुळे एकदम धडधडायला लागलं, धाप लागली, की तोंडाला कागदी पिशवी लावून त्यातच श्वास घ्या,’ असा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे.

त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो पटतो. घाबरल्यावर आपण भराभर श्वास घेतो. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळे बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, गरगरतं. पिशवीतली उच्छ्वासाची हवा पुन्हा घेतली की तो वायू वाढतो, हे खरं.

पण त्याच पिशवीत ऑक्सिजन मात्र कमी होत जातो. आणि ही धाप घाबरल्याचीच आहे हे घरी कोण ठरवणार? दमा, हृदयविकाराचा झटका, फुप्फुसात अडकलेली गुठळी यांतही माणूस असाच कासावीस होतो. तिथे पिशवी जिवावर बेतू शकते.

कार्बन डायऑक्साइड पूर्ववत करण्याचं काम संथ उच्छ्वासानेही होतं. नाकाने चार अंक मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा, काही मिनिटं. उच्छ्वासाचा हृदयाच्या गतीवर होणारा परिणाम पडताळायचा असेल तर शांत असताना मनगटाची नाडी धरून बघा. श्वास सोडताना ती किंचित मंदावते, तरुणांमध्ये हे सहज कळतं.

घरात ऑक्सिमीटर असेल तर लावा, पण आकडा चांगला आला म्हणून हृदय ठीक आहे असं समजू नका. त्रास पहिल्यांदाच होत असेल, छातीत दाब असेल, हाताकडे किंवा जबड्याकडे कळ जात असेल, दरदरून घाम फुटला असेल, तर लगेच १०८ला फोन करा.